वाकलेला कणा आणि ध्यानाचा अधिकार

गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाला बसणाऱ्याने शरीर, मस्तक आणि मान एका रेषेत व निश्चल ठेवावी असे सांगितले आहे, आणि श्वेताश्वतरोपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायातही छाती, मान व मस्तक उन्नत ठेवून देह सम राखण्याची आज्ञा आहे. या दोन वचनांच्या आधारावर आपल्याकडील कित्येक प्रवचनकार, ताठ कणा ही जणू अध्यात्माच्या दरबारात प्रवेश मिळण्याची सनदच आहे, अशा थाटात बोलत असतात. श्रोत्यांत ज्यांचे कणे सरळ आहेत त्यांना यात हरकत घेण्याजोगे काही दिसत नाही. परंतु त्याच श्रोतृवर्गात एखादी चौदा वर्षांची मुलगी बसलेली असते, जिचा कणा वाढीच्या वयात एका बाजूस वळत गेला आहे आणि कितीही इच्छा केली तरी जो तिचा हुकूम मानीत नाही. तिच्या बाबतीत या वचनांचा अर्थ काय करावयाचा, हा प्रश्न केवळ दयाबुद्धीचा नसून शास्त्रार्थाचा आहे.

या विकाराला वैद्यकात स्कोलिओसिस म्हणतात. शंभर मुलांमागे दोघा-तिघांत, बहुधा दहाव्या वर्षानंतर उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात तो नजरेस येतो, मोठे बाक मुलींत अधिक आढळतात, आणि जॉन कॉब या अमेरिकन शल्यवैद्याने १९४८ मध्ये मांडलेल्या पद्धतीने क्ष-किरणचित्रावर मोजलेला कोन १० अंश वा अधिक भरला म्हणजे त्याची दफ्तरी नोंद होते. बहुसंख्य मुलांत त्याचे कारण ठाऊक नाही, आणि वैद्यक ते स्वच्छ शब्दांत कबूल करते. मात्र वैद्यकाने जी जागा प्रामाणिकपणे कोरी ठेवली, तिथे भोवतालची मंडळी लगबगीने ‘प्रारब्ध’ लिहून मोकळी होतात. कर्मसिद्धान्ताची थोरवी मी नाकारीत नाही. पण दुसऱ्याच्या लेकराच्या पाठीवर त्याचा पुरावा शोधणे हा त्या सिद्धान्ताचा दुरुपयोग आहे.

हे प्रकरण नुसत्या वाकण्यावर थांबत नाही. मणके बाजूस सरकताना स्वतःभोवती फिरतात, आणि बरगड्या त्यांना जोडलेल्या असल्यामुळे त्याही फिरतात. छातीतील बाक उजवीकडे असेल, आणि बहुधा तो तिकडेच असतो, तर उजव्या बरगड्या फाकून पाठीवर उंचवटा येतो आणि डाव्या एकमेकींजवळ दाटतात. आता श्वासाचे काम पाहावे. श्वासपटल खाली उतरते, पोटातील अवयवांवर दाब पडतो, आणि पोटाची भिंत तो दाब पेलून धरते म्हणूनच खालच्या बरगड्या बादलीची कडी उचलावी तशा बाहेर व वर उचलल्या जातात. भिंत सैल असेल तर पोट तेवढे फुगते आणि बरगड्या जागच्या जागी राहतात. शांत उच्छ्वास आपोआप होतो, पण धावताना, खोकताना, गाताना हवा बाहेर लोटण्याचे काम मुख्यतः पोटाच्या स्नायूंवर येते: सर्वांत आतला आडवा, त्यावरचे दोन तिरपे आणि मध्यभागी उभा. हे तिरपे स्नायू वर बरगड्यांना आणि खाली कटीच्या हाडाला बांधलेले असल्यामुळे पिंजरा फिरला की एका बाजूचे ताणतात, दुसऱ्या बाजूचे आखडतात, आणि दोहोंची ओढ सारखी पडत नाही. बाक सौम्य असल्यास मुलीला रोजच्या व्यवहारात याचा पत्ताही लागत नाही. तो फार मोठा असल्यास मात्र फुप्फुसांची धारणशक्ती खरोखरच घटते.

ही शक्ती मोजण्याची खोली एकदा पाहण्याजोगी आहे. प्रथम मुलीला दोन्ही हात आडवे पसरून उभी करतात आणि एका हाताच्या मधल्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत फीत लावतात, कारण बाकाने तिची उंची खाल्लेली असते आणि नोंदलेल्या उंचीवरून अपेक्षित श्वासाचा हिशेब केला तर तो चुकीचा येतो. मग नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि पलीकडून एकसारखा घोष: “भर, भर, भर... आता फुंक! सोड, सोड, अजून सोड!” छातीतली हवा संपत आल्यावरही सोडत राहावे लागते, खांदे थरथरतात, पोट आत ओढले जाते, पडद्यावरची रेघ आडवी होईपर्यंत सुटका नसते. जो श्वास झोपेत आपली परवानगी न घेता चालतो, तोच येथे हुकमाखाली चालतो. हृदयाला असा हुकूम सोडता येत नाही, आणि योग्यांनी मनावर ताबा मिळविण्यासाठी नेमका प्राण का निवडला याचे उत्तर मला या खोलीत जितके स्पष्ट दिसते तितके पुष्कळ टीकाग्रंथांत दिसत नाही.

उपचारात आणखी एक पेच आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील चाचणीत मुलांना रोज किमान १८ तास ब्रेस, म्हणजे कण्याला आधार देणारा साचा, घालावयास सांगितले होते. ब्रेस घालणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पुरी होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, न घालणाऱ्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे ब्रेस उपयोगी खरा. पण तो छातीपोटाला आवळतो, आणि अंगावर असेतोवर श्वास काहीसा तोकडा करतो. सरळपणा आणि श्वास यांची येथे फारकत होते.

अधिकाराचा विचार आपल्या परंपरेत सर्वांत कठोरपणे केला तो मीमांसकांनी. जैमिनीच्या सहाव्या अध्यायात अंगहीनाला यज्ञाचा अधिकार आहे काय याचा निवाडा आहे: व्यंग दूर होण्याजोगे असेल तर आहे, कायमचे असेल तर नाही. हा निवाडा आज कानाला टोचतो, पण त्याच्या मागचा तर्क निर्दय नाही. यज्ञ हे हातापायांनी करावयाचे कर्म आहे, आणि जे कर्म घडणारच नाही त्याची जबाबदारी कोणावर टाकावी, एवढेच तो विचारतो. घोटाळा होतो तो कर्मकांडातील ही अट ध्यानाला लावल्याने. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात उपासना बसून करावी असे सांगितले, त्याचे कारण शंकराचार्यांनी अगदी व्यावहारिक दिले आहे: चालणाऱ्याचे चित्त विखुरते आणि निजलेल्याला झोप लागते. त्याच ओघात पुढे प्रश्न येतो की दिशा, स्थळ व काळ यांचा काही नेम आहे काय. आणि उत्तर असे की जिथे एकाग्रता साधेल तिथे बसावे. श्वेताश्वतरात तर जागा सपाट, स्वच्छ असावी असा नेम दिला आहे, ही तक्रार आचार्यांना ठाऊक आहे; नेम आहे, असे मान्य करून ते म्हणतात की त्याच्या तपशिलाबद्दल आग्रह नाही, हे सूत्रकार सुहृद् होऊन सांगत आहेत. जागेचा हा नेम आणि सम देहाचा नेम त्याच अध्यायात दोन मंत्रांच्या अंतराने आले आहेत; तेव्हा पहिल्याला मिळालेली सवलत दुसऱ्याला का मिळू नये, हे मला कळत नाही. पतंजलीने तर आसनाबद्दल स्थैर्य आणि सुख यांखेरीज काही मागितलेलेच नाही, आणि व्यासभाष्यातील आसनांच्या यादीत सोपाश्रय, म्हणजे आधाराने बसण्याचे आसन, पद्मासन-वीरासनांच्या पंक्तीला मानाने बसले आहे. हंपीच्या भव्य नरसिंहमूर्तीच्या गुडघ्यांभोवती दगडात कोरलेला योगपट्ट, म्हणजे बसण्याला आधार देणारा पट्टा, आहे. साक्षात नरसिंहाला पट्टा बांधताना शिल्पकाराला काही कमीपणा वाटला नाही.

मग ऋषींनी सरळ बसावयास सांगितले तरी कशाला, असे कोणी विचारील. माझी समजूत अशी की श्वासासाठी: धड दुमडले की श्वासपटलाला उतरावयास जागा राहत नाही, आणि पोटाच्या भिंतीला आपले काम करता येत नाही. आज्ञेचे प्रयोजन श्वास असेल, तर तो दुसऱ्या वाटेने मिळविणाऱ्याने आज्ञा मोडली असे होत नाही. ही दुसरी वाट काल्पनिक नाही. जर्मनीत १८९४ मध्ये जन्मलेल्या काटारीना श्रोट हिचा स्वतःचा कणा वाकडा होता. तरुणपणी पोलादी पट्ट्यात दिवस काढल्यावर तिने आरशासमोर उभे राहून दबलेल्या बाजूच्या बरगड्यांत जाणीवपूर्वक श्वास भरावयाचा, आणि उच्छ्वासाबरोबर धडाचे स्नायू आवळून मिळालेली जागा टिकवावयाची, असा अभ्यास बसविला, आणि तिच्या नावाची ती पद्धत आज जगभर शिकविली जाते. आपल्याकडे पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी दोर, विटा, पट्टे, घड्या घातलेली कांबळी यांचा आसनांत सढळ वापर केला, आणि प्राणायामाचा आरंभ पाठीवर निजवून करविला. हवा कुठल्या बरगडीपर्यंत पोहोचली आणि कुठे अडली हे बोट ठेवून सांगू शकणारी मुलगी, कण्याचा विचार कधी न करता ताठ बसणाऱ्या आपणा मंडळींपेक्षा प्राणायामाच्या विद्येत पुढे आहे, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

पण एवढ्यावरून तिच्या दुखण्याला तप म्हणू नये. मे महिन्यात घामाने ओल्या बनियनवर प्लॅस्टिकचा ब्रेस आवळण्याला तप हे नाव देणे, तो न घालणाऱ्यालाच सुचते. महाभारताच्या वनपर्वातील अष्टावक्राने जनकाच्या यज्ञमंडपात बंदी नावाच्या पंडिताला वादात हरविले ते वाकड्या शरीरानेच, विद्येने त्याच्याकडे सरळपणाचा दाखला मागितला नाही. तरी जय मिळाल्यावर, ज्या बापाच्या शापाने ते वाकडेपण आले होते त्यानेच त्याला समंगा नदीत उतरावयास सांगितले, आणि त्याची गात्रे सरळ झाली. वाकडेपण हेच भूषण मानून ते जपावे, असे त्या कथेत कोणी म्हणत नाही.

तेव्हा या मुलीने ध्यानाला ब्रेस घालून बसावे की काढून, एवढाच प्रश्न राहतो, आणि तो सोडविण्याचा हक्क प्रवचनकाराचा नसून तिचा व तिच्या वैद्यांचा आहे. भिंतीला पाठ टेकून, उशी घेऊन, खुर्चीत, जसे सुख वाटेल तसे तिने बसावे. तेही जमले नाही तर आडवे व्हावे. झोप लागेल अशी भीती शंकराचार्यांनी घातली आहे खरी, पण दिवसभर ब्रेसमध्ये काढलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला संध्याकाळी झोप लागली, तर ब्रह्मसूत्रांचे काही बिघडत नाही.