ताटातील फूल

फूल देवास वाहावे, वेणीत माळावे, फार तर पाहुण्याच्या हाती द्यावे. परंतु ते खावे काय? संत्र्याच्या केकवर गुलाबाच्या पाकळ्या पसरलेल्या पाहून पुष्कळांस हा प्रश्न पडतो. जी वस्तू डोळ्यांनी व नाकाने सेवावयाची, तिचा घास करणे ही एक प्रकारची अरसिकताच होय, असे आक्षेपकांचे म्हणणे असते. हा आक्षेप थट्टेवारी नेण्याजोगा नाही.

देवळाली कॅम्पात तो विशेष स्वाभाविक वाटतो. येथे 1861 साली गोऱ्या पलटणींची छावणी वसली. स्वदेशी परतणारे शिपाई बोटीची वाट पाहत येथे मुक्काम करीत. इंग्रजी छावणी जेथे गेली तेथे तिच्यामागून पावकेकाची भट्टीही गेली. पुढे कोरड्या, आल्हाददायक हवेसाठी पारशी मंडळींनी येथे आरोग्यभवने बांधली. नाशिकची गोदावरी आणि तिच्या काठची पूजेची परडी येथून अवघ्या काही मैलांवर. अशा गावी भट्टी आणि परडी यांची गाठ पडली, तर नवल ते काय?

परंतु फुले खाणे आपणांस खरोखरच परके आहे काय? हदग्याच्या व शेवग्याच्या फुलांची भाजी आपण आवडीने खातो. केळफूल सोलण्यात घरातील बायका तासन् तास घालवितात. गुलकंद तर पाकळ्यांचाच. लवंग म्हणजे वाळविलेली कळी आणि केशर म्हणजे फुलातील तंतू. लिंबू पिळून, केशर-लवंग घालून आपण सणाला साखरभात करतो, तेव्हा आंबट फळ व फूल यांचा संयोग पक्वान्नात आधीच झालेला असतो. केकने नवी आणली ती केवळ भट्टी.

तेव्हा खरा प्रश्न खावे की न खावे हा नसून, कोणत्या अधिकाराने खावे व खाऊ घालावे, हा आहे. आमच्या मते या अधिकाराची पहिली अट ज्ञान ही होय. येथे आपली धार्मिक सवय आपणांस फसविते. देवास चालते ते पवित्र, आणि पवित्र ते निरुपद्रवी, असे आपण नकळत धरून चालतो. शंकरास धोत्रा वाहतात, मारुतीस रुईच्या पानाफुलांची माळ घालतात, पूजेत कण्हेरही असते. ही तिन्ही विषारी आहेत. बंगल्याच्या कुंपणाशी फुललेली गुलाबी कण्हेर केकवर कितीही शोभली, तरी ती लेकराच्या मुखी जाता कामा नये. हारांसाठी पिकविलेल्या फुलांवर कीटकनाशकाची फवारणी झालेली असते, म्हणून बाजारची फुलेही या कामी वर्ज्यच समजावीत. पाहुणा आपल्या भरवशावर घास घेतो. तो भरवसा ‘सुंदर दिसले म्हणून ठेवले’ या उत्तराने फेडता येत नाही.

दुसरी अट अशी की, जे खुडले ते खाल्ले जावे. संत्र्याचा सुवास गरापेक्षा सालीच्या रंगीत थरातील तेलात अधिक असतो. ती साल आपण केरात टाकतो. उलट जे फूल कोणी खाणार नाही ते वर मिरवितो, व ते ताटाच्या कडेस सारलेले, कोमेजलेले केरातच जाते. देवाच्या निर्माल्याचे आपण निदान विसर्जन करतो. या फुलास तेवढाही मान मिळत नाही. सौंदर्याचा अपमान खाण्याने होत नाही, तो असा होतो.

कोणी म्हणेल, लिंबाचे फूल खुडणे म्हणजे एका फळाचा घात. परंतु लिंबू-संत्र्याच्या झाडाची बहुतेक फुले फळ न धरताच आपोआप गळतात. पहाटे झाडाखाली पसरलेल्या चादरीवर पडलेली ताजी फुले वेचून साखरेत मुरविली, तर झाडाचे काहीच जात नाही. पारिजातकाची खाली पडलेली फुलेही देवास चालतात, हा दाखला आपल्या घरीच आहे. तसेच भट्टीच्या आचेत फुलाचा नाजूक वास उडून जातो. म्हणून पाकळ्या केक निवाल्यावर व थोड्याच घालाव्यात. येथे पाकशास्त्र व संयम एकच गोष्ट सांगतात.

ओळखलेले, स्वच्छ, मोजके आणि शेवटपर्यंत खाल्ले जाणारे फूल ताटात असावयास आमची हरकत नाही. ज्या गृहिणीस त्याचे नाव व गुण सांगता येत नाहीत, तिने ते फुलदाणीत ठेवावे. तेथेही ते पाहुण्याचे स्वागतच करील.