केसची मागची-पुढची पाने

एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलाच्या फोनमध्ये आज जितक्या केसेस असतात, तितके रुग्ण त्याच्या प्राध्यापकांनी निम्म्या नोकरीतही तपासले नसतील. हृदयाचा ठोका ऐकायचा तर ध्वनिफीत आहे, अंगावरचे पुरळ पाहायचे तर छायाचित्र आहे, एक्स-रे दोन बोटांनी हवा तेवढा मोठा करता येतो. कॅनडात 2013 साली निघालेल्या फिगर वन या ॲपने डॉक्टरांना रुग्णाचा चेहरा झाकून त्याची केस एकमेकांना दाखवण्याची सोय करून दिली. आपल्याकडे बेंगळुरूच्या डेलीराउंड्सने तीच वाट धरली. एखाद्या डॉक्टरने अडलेली केस मांडायची आणि दूरदूरच्या डॉक्टरांनी त्यावर मत द्यायचे. पुढे याच मंडळींनी मॅरो काढले आणि विद्यार्थ्यांच्या तोंडी राहिले ते मॅरोचेच नाव. मॅरो म्हणजे पीजीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी, व्हिडिओ लेक्चर आणि चार पर्यायांचे प्रश्न. केसपासून सुटलेली गाडी एमसीक्यूच्या फलाटाला लागली. त्यात कंपनीला बोल लावण्यासारखे काही नाही. नीट-पीजीत रुग्ण नसतो, प्रश्न असतो.

खरी अडचण वेगळीच आहे. ॲपमधली केस साधारण अशी सुरू होते: पंचेचाळीस वर्षांचा पुरुष, तीन दिवस ताप, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल, आठवड्यापूर्वी साचलेल्या पाण्यातून चालला होता. लेप्टोस्पायरोसिस हे उत्तर त्या वाक्यातच तयार ठेवलेले आहे. पावसाळ्यात ठाण्याच्या कळवा रुग्णालयातल्या वॉर्डात दाखल होणारा माणूस असे बोलत नाही. अंगात कसकस आहे, दोन दिवस कामावर गेलो नाही, नाक्यावरच्या डॉक्टरने इंजेक्शन दिले, मग उलट्या झाल्या, बायको म्हणते कावीळ असणार, अशी त्याची हकिगत मागेपुढे होत राहते. पाण्यातून चाललात का, असे विचारले तर तो उलट विचारतो, पावसात कोण चालत नाही? पोटऱ्या दाबून पाहायचे विद्यार्थ्याला आपणहून सुचावे लागते. या गुंत्यातून केस उभी करणे हीच तर शिकायची विद्या. ॲप ती आधीच उरकून टाकते आणि शिकणाऱ्यासमोर निकाल ठेवते.

या विद्येचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण महाडचे आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर 1970 च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, हृदय आणि फुप्फुसे निकामी होऊन दगावत. बावस्कर अशा रुग्णांच्या उशाशी बसून राहिले. घाम कधी फुटला, हातपाय कधी गार पडले, नाडी आणि रक्तदाब कसे बदलत गेले, हे टिपत गेले. त्या नोंदींतून प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपाय पुढे आला, लॅन्सेटने त्यांचे काम छापले आणि 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा हाताशी फोन असता तर नोंदी ठेवणे सोपे गेले असते. पण ज्या केसचे उत्तर अजून कोणालाच माहीत नाही, ती कुठल्याही ॲपमध्ये सापडली नसती.

आता ठाणे-कल्याणकडे यावे. ठाणे महापालिकेचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय कळव्यात आहे. खाटा पाचशे आणि रुग्ण येतात ते मुंब्रा-दिव्यापासून थेट शहापूर-मुरबाडपर्यंतचे. लोकलमधून पडलेले, सर्प चावलेले, क्षयावरचे औषध मध्येच सोडलेले, असे सगळे तिथे येतात. शिकणाऱ्याला केसेसचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो केसच्या मागच्या आणि पुढच्या पानांचा. ऑगस्ट 2023 मध्ये या रुग्णालयात चोवीस तासांत 18 रुग्ण दगावल्याची बातमी देशभर गाजली. त्यांतले काही खासगी रुग्णालयांतून अखेरच्या अवस्थेत आणले गेले होते, असे तेव्हा प्रशासनाने सांगितले. त्या स्पष्टीकरणाने जबाबदारी किती हलकी होते, हा वाद इथे बाजूला ठेवू. पण शिकण्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की रुग्ण पोचतो तेव्हा गोष्टीचा पूर्वार्ध दुसरीकडे घडून गेलेला असतो.

उत्तरार्धाचीही तीच गत. कल्याणच्या रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयातून गंभीर रुग्ण कळव्याला धाडला जातो, कळव्याहून कधी सायनला, कधी केईएमला. ज्याने पहिल्यांदा हिस्टरी घेतली त्याला आपले निदान बरोबर निघाले की चुकले, हे कळतच नाही. पंधरा दिवसांत पोस्टिंग बदलते आणि विद्यार्थी दुसऱ्या युनिटला जातो.

बॉस्टनच्या रिचर्ड कॅबट यांनी शंभर वर्षांपूर्वी नेमके हेच हेरले होते. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात त्यांनी रूढ केलेल्या चर्चेत आधी नामांकित डॉक्टर केसवर तर्क लढवत आणि मग पॅथॉलॉजिस्ट शवविच्छेदनात काय निघाले ते सांगे. सगळ्यांसमोर तर्क चुकण्याची तिथे मुभा होती. या केसेस 1920 च्या दशकापासून छापून येऊ लागल्या आणि न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आजही येतात. त्यांचे मोल शेवट कळण्यात आहे.

फोनचे खरे काम इथे आहे. तयार केसेसचे दुकान म्हणून तो मिळाला काय, न मिळाला काय, फारसा फरक पडत नाही. आपण पाहिलेल्या रुग्णाचा पाठपुरावा करायचे साधन म्हणून मात्र त्याला तोड नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2021-22 च्या तुकडीपासून विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घेऊन शिक्षण संपेपर्यंत त्यांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवायचे असे ठरवले आहे. लॉगबुक तर सक्तीचेच आहे. ही वही फोनवर आली, तिच्यात विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी केलेले निदान तारखेसह गोठले, आणि रुग्ण घरी गेल्यावर, दुसऱ्या रुग्णालयात गेल्यावर किंवा दगावल्यावर पुढची नोंद तिच्यात पडली, तर कॅबटची चर्चा कळव्यातही होऊ शकते.

याउलट रुग्णाशिवाय नुसता पडदाच हाती राहिला तर काय होते, ते कोविडने दाखवले. क्षमताधारित अभ्यासक्रमाची पहिली तुकडी ऑगस्ट 2019 मध्ये दाखल झाली. पहिल्या वर्षापासून रुग्णाशी गाठ, हे त्या अभ्यासक्रमाचे मोठे वचन. मार्च 2020 मध्ये वर्ग बंद झाले आणि मुले घरी बसून पडद्यावर शिकू लागली. पडद्याने तेव्हा लाज राखली, हे खरे. पण पोटावर हात ठेवल्यावर यकृताची कडा बोटांना कशी लागते, हे त्यावर कोणाला शिकवता आलेले नाही.

रुग्णाचे गुपित हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक धागा. युनिटच्या व्हॉट्सॲप गटावर जखमेचा फोटो टाकायला दोन सेकंद लागतात आणि एक्स-रेच्या कोपऱ्यात बहुधा नाव असते. आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये काढलेल्या नियमावलीत रुग्णांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत, असे बजावले होते. ती नियमावली त्याच महिन्यात स्थगित झाली. त्याच वर्षी संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीचा कायदा केला, पण वॉर्डातल्या संमतीचा प्रश्न कायद्याने आपोआप सुटत नाही. जो डॉक्टर खाट मिळवून देणार, त्यानेच फोटो काढू का, असे विचारले तर नाही म्हणायची ताकद किती जणांत असते? म्हणून संमती इंटर्नने नव्हे, उपचारांशी संबंध नसलेल्या कोणी तरी, रुग्णाला कळणाऱ्या भाषेत घ्यावी आणि नोंद महाविद्यालयाच्या यंत्रणेत राहावी, मुलाच्या गॅलरीत नव्हे.

अंबरनाथला 2024 मध्ये नवे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथल्या सवयी अजून घट्ट व्हायच्या आहेत, त्यामुळे अशा वहीची सुरुवात तिथून होऊ शकते. अर्थात परीक्षेत जे विचारले जाते तेच मुले करतात. प्रात्यक्षिक परीक्षेत लाँग केस झाल्यावर परीक्षकाने त्या वहीतली सहा महिन्यांपूर्वीची एक नोंद उघडावी आणि विचारावे, या बाईंचे पुढे काय झाले, आणि तुझे पहिले निदान कुठे घसरले? या एका प्रश्नाला दहा गुण ठेवले तरी पुष्कळ.