म्हातारपणाचा प्रवास आणि स्वच्छतागृहाचा प्रश्न

महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाने २६ ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या नागरिकांना एसटीचा प्रवास विनामूल्य केला, ६५ ते ७५ या वयोगटाची निम्म्या भाड्याची सवलत चालू ठेवली आणि १७ मार्च २०२३पासून सर्व वयाच्या महिलांना अर्धे तिकीट लागू केले. सोळा तालुक्यांच्या आणि आजही मुख्यतः एसटीच्या भरवशावर असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात या निर्णयांमुळे वृद्धांच्या हिंडण्याफिरण्यातली पैशाची अडचण बरीच दूर झाली. परंतु जी अडचण वृद्ध माणूस वाहकापुढे, मुलासुनेपुढे, पुष्कळदा डॉक्टरपुढेही उच्चारत नाही, ती जशीच्या तशी राहिली. वाटेत लघवीला लागली तर जायचे कुठे, ही ती अडचण. शहराच्या सौंदर्यीकरणाशी तिचा संबंध थोडा आणि संचारस्वातंत्र्याशी अधिक आहे, कारण उतारवयात घरापासून किती दूर जायचे याची मर्यादा तिकिटाच्या दरापेक्षा वाटेतले स्वच्छतागृहच ठरवते.

वयोमानाने मूत्राशयाची साठवणक्षमता घटते आणि लघवीची जाणीव होणे व ती अनावर होणे यांमधला अवधी आखडतो. पुरुषांमध्ये प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ग्रंथी, वाढल्यामुळे लघवी अडखळत आणि वारंवार होते. तर अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांमध्ये ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडल्यामुळे खोकल्याने किंवा बसच्या एखाद्या हिसक्यानेही ती सुटते. रक्तदाबावरच्या काही गोळ्या मूत्रल असतात, म्हणजे शरीरातले पाणी व क्षार लघवीवाटे बाहेर टाकतात. त्या सहसा सकाळी घ्यायच्या असतात आणि तालुक्याहून जिल्ह्याला जाणारी गाडीही सकाळीच पकडायची असते. यावर वृद्धांनी स्वतःपुरता काढलेला तोडगा असा की प्रवासाच्या दिवशी गोळी चुकवायची आणि आदल्या रात्रीपासून पाण्याला हात लावायचा नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जाणाऱ्या विदर्भात हा तोडगा जिवावर बेतू शकतो: आटलेले शरीर उष्माघाताला लवकर बळी पडते, मूत्रमार्गाचा संसर्ग बळावतो आणि बसमधून उतरताना भोवळ येते. ज्या समाजात म्हाताऱ्या माणसाला प्रवासासाठी तहानेले राहावे लागते, त्या समाजाने सवलतीचा हिशेब पुन्हा मांडायला हवा.

उमरखेड किंवा वणीहून यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणीला यायचे तर शंभर किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते. कळंबच्या चिंतामणीचे दर्शन असो, दिग्रस-पुसदकडच्या बंजारा कुटुंबांची शेजारच्या वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवीची यात्रा असो किंवा नात्यातले लग्न असो, वृद्धांच्या वाट्याला येणारे आनंदाचे प्रसंगही असेच अंतरावरचे असतात. पूर्वी गाडी थांबली की कपाशीच्या धुऱ्याआड किंवा बाभळीच्या आडोशाला बाजूला जाता येई. तुळजापूर-नागपूर महामार्ग चौपदरी झाल्यावर वेग वाढला आणि तो आडोसा दुरावला. पुरुष आजही कुठेतरी उभा राहतो. नऊवारी नेसणारी किंवा फेटिया (बंजारा घागरा) घालणारी आजी, जिला गुडघ्यांमुळे खाली बसताही येत नाही आणि बसल्यावर उठताही येत नाही, ती मात्र पुढच्या वेळी ‘तुम्हीच जाऊन या’ म्हणते, आणि घरचे लोक त्याला वयाचे वैराग्य समजतात.

बसस्थानकावर स्वच्छतागृह असणे आणि ते वृद्धाला वापरता येणे यांत मोठे अंतर आहे, आणि सरकारी मोजणीत नेमके हेच अंतर हरवते. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाने शौचालयांची संख्या वाढवली हे निर्विवाद. पण बांधकाम मोजणे सोपे असते आणि वापर मोजणे कठीण, म्हणून वृद्धाच्या दृष्टीने निर्णायक असलेल्या बाबी अहवालात येत नाहीत. जमिनीपासून ४५० ते ४८० मिलिमीटर उंचीचा कमोड, त्याच्या बाजूला भिंतीत घट्ट रोवलेला दांडा, ओली झाली तरी न घसरणारी फरशी, उंबरठ्याऐवजी उतार, पिशवी व काठी अडकवायला खुंटी, आणि आत कोणी पडले तर बाहेरून उघडता येईल अशी कडी, एवढ्यावर सगळे अवलंबून असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने सार्वजनिक इमारती सुगम्य करण्याचे बंधन घातले आहे. मात्र त्यातून उभी राहिलेली खोली जर कुलूपबंद असेल आणि किल्ली साहेबांच्या कपाटात असेल, तर निकडीच्या दोन मिनिटांत तिचा काहीही उपयोग नाही. शिवाय चाकाची खुर्ची न वापरणारा, केवळ थकलेला माणूस स्वतःला दिव्यांग मानत नाही आणि ती किल्ली मागायला लाजतो.

मुंबईत २०११मध्ये सुरू झालेल्या ‘राइट टू पी’ चळवळीने स्त्रियांसाठी मोफत आणि सुरक्षित मुताऱ्यांची मागणी ऐरणीवर आणली, तर ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाने केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५मध्ये महापालिकांना स्त्रियांच्या स्वच्छतागृहांविषयी सविस्तर निर्देश दिले. हे मोठेच काम होते. परंतु तो निर्णय महापालिकांना उद्देशून होता आणि यवतमाळ जिल्ह्यात एकही महापालिका नाही; येथे नगरपरिषदा, नगरपंचायती आणि ग्रामपंचायती आहेत, ज्यांच्याकडे बांधकामाला एकवेळचा निधी येतो, पण झाडणाऱ्या माणसाच्या दरमहाच्या पगाराला येत नाही. रोग इथे आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः हाती खराटा धरला, तेव्हा वास्तू आणि तिची झाडलोट त्यांना वेगळी वाटत नव्हती. नंतरच्या व्यवस्थेने त्यांचे नाव अभियानाला दिले आणि झाडलोट कंत्राटदारावर सोपवली.

नवी बांधकामे हाच एकमेव मार्ग नाही. जर्मनीतील आलेन या शहरात २०००च्या सुमारास एक पद्धत सुरू झाली, जिच्यात उपाहारगृहे व दुकाने आपले स्वच्छतागृह कोणालाही, खरेदीची अट न घालता, वापरू देतात, दारावर ठरावीक चिन्ह लावतात आणि त्याबद्दल नगरपालिका त्यांना देखभालीचा मोबदला देते. पुढे तेथील अनेक शहरांनी ती उचलली. पुसद, दारव्हा किंवा पांढरकवड्याच्या बाजारपेठेत बँका, मंगल कार्यालये, खानावळी आणि दवाखाने आहेतच, आणि पेट्रोल पंपांवर स्वच्छतागृह ठेवणे तेल कंपन्यांच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. येथेही तीच पद्धत आणता येईल; मात्र मोबदल्यात पाण्याचा खर्चही धरावा लागेल, कारण २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणे आटल्यावर यवतमाळ शहराने जे सोसले ते पाहता, पाणी फुकट असते असे येथे कोणी म्हणणार नाही.

जिथे नवे बांधकाम होणारच आहे, तिथे मात्र आधीच विचार करता येतो. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा-कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४मध्ये खुला झाला आणि पुढच्या टप्प्यांचे काम हाती आहे. स्वच्छतागृह फलाटाच्या मध्यावर की टोकाला, पायऱ्यांनी की उताराने, कोणत्या उंचीचा कमोड आणि कोणाच्या पगारी देखरेखीखाली, हे त्या स्थानकांच्या नकाशावर आताच लिहिता येते. एकदा काँक्रीट पडल्यावर तेच बदलायला पुन्हा निविदा काढावी लागते, आणि तोपर्यंत पंचाहत्तरीचा प्रवासी ऐंशीचा झालेला असतो.