उच्चाराचे गुण आणि ऐकणारा कान

माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरसारख्या गावातला शिक्षक प्रशिक्षणाचा विद्यार्थी मोबाइलसमोर इंग्रजी उतारा वाचतो. पडद्यावर शंभरापैकी गुण उमटतात, काही आठवड्यांनी ते वाढतात आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने उच्चार सुधारले, असे जाहीर होते. ते गुण नेमके कशाचे, हे या चर्चेत क्वचितच विचारले जाते.

यंत्र आवाजाचे ध्वनींत तुकडे करते आणि प्रत्येक तुकडा त्याला पढवलेल्या नमुन्याशी कितपत जुळतो, ते मोजते. म्हणजे सगळी भिस्त नमुन्यांवर. 2020 मध्ये अमेरिकेत पाच मोठ्या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्यांच्या बोलण्यात शंभरामागे सरासरी 19 शब्द चुकीचे टिपले गेले, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात 35. दोघांचीही मातृभाषा इंग्रजीच! मग माळशिरसच्या इंग्रजीचे काय होत असेल? मद्रास आयआयटीतल्या एआयफॉरभारत या संशोधनगटाला 2023 मध्ये ‘स्वरः’ हा 117 भारतीयांच्या इंग्रजी बोलण्याचा संग्रह मुद्दाम करावा लागला, तो यासाठीच.

यंत्र हसत नाही, कंटाळत नाही, चारचौघांत बुजणाऱ्याला एकांतात सराव देते, हा समर्थकांचा लाडका मुद्दा. तो खराच आहे. 2000 साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या शिक्षकांना तेव्हा असा सोबती हवाच होता. पण सरावाला सोबती मिळाला म्हणून तोच परीक्षकही व्हावा, हे कुठून आले? एकाच यंत्राने शिकवायचे, त्यानेच गुण द्यायचे आणि त्याच गुणांवरून त्याची उपयुक्तता सिद्ध करायची, हा तर घरचाच पंच झाला. वाढलेल्या गुणांतून विद्यार्थी यंत्राला सरावला, एवढे नक्की कळते.



मग मोजायचे काय? खरा भेद आहे बोलण्याची ढब आणि सुबोधता यांच्यातला. मन्रो आणि डर्विंग या संशोधकांनी 1995 मध्येच दाखवले की ढब ठळक असूनही बोलणे पूर्ण समजू शकते. आषाढीत ज्ञानेश्वरांची पालखी वेळापूरला मुक्कामी येते, तेव्हा वऱ्हाडी वारकऱ्याची ढब गावाला लगेच कळते आणि त्याचे म्हणणेही. ‘थिंक’मधला थ मराठी राहिला तर फारसे बिघडत नाही, भाषाअभ्यासक जेनिफर जेन्किन्स यांनी 2000 साली जगभर इंग्रजी समजण्यासाठी आवश्यक उच्चारांच्या यादीतून इंग्रजी थ वगळला. स्वरांची लांबी मात्र त्यांनी ठेवली. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहितो खरे, बोलताना इ-ई सरमिसळ करतो, त्यामुळे इंग्रजी जहाज (‘शिप’) आणि मेंढी (‘शीप’) आपल्या तोंडी एक होतात. हैदराबादच्या आर. के. बन्सल यांच्या 1969 च्या अभ्यासात भारतीयांचे इंग्रजी परक्यांना न कळण्यामागे शब्दातला आघात चुकणे हे मोठे कारण निघाले. निव्वळ ध्वनी जुळवून काढलेल्या गुणाला मात्र मराठी थ आणि ही मेंढी सारखीच.

म्हणून मोजणी वर्गात व्हावी. प्रशिक्षणार्थीने जहाज आणि मेंढीचे इंग्रजी शब्द उलटसुलट उच्चारावेत, तिसरीच्या मुलांनी समोरच्या चित्रावर बोट ठेवावे. सराव सुरू होण्याआधी एकदा, संपल्यावर एकदा, आणि दोन्ही वेळी मोबाइल बंद ठेवून.