काळ स्वराचा की मात्रेचा?

लय अक्षरांत लिहायची म्हटली की आधी ठरवावे लागते, काळ कोणाच्या मालकीचा. ‘लिलीपॉन्ड’ या संगणकप्रणालीत प्रत्येक स्वराच्या अक्षरापुढे त्याचा कालावधी लिहितात. अंक चार म्हणजे पूर्ण स्वराचा चौथा भाग, आठ म्हणजे आठवा. अंक गाळला तर आधीचाच चालू राहतो. विष्णु दिगंबर पलुस्करांची (1872–1931) पद्धती याच्या जवळची: मात्रेची चिन्हे स्वराखालीच येतात. विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) मात्र मात्रेचे घर आधी आखतात आणि त्यात स्वर बसवतात. सा, रे, ग एका मात्रेत हवे असतील तर तिघांखाली एक कंस पुरतो. लिलीपॉन्डला हेच सांगायचे तर दोन आठव्यांच्या जागेत तीन बसव, असे गणित मांडावे लागते.

हा भेद तत्त्वज्ञानात जुनाच आहे. वैशेषिकांना काळ हे एक, अखंड द्रव्य वाटते. क्षण-दिवस हे त्याचे उपाधीने पडलेले भाग. योगसूत्रांवरील व्यासभाष्य उलट सांगते: क्षण खरा, क्षणांची सलग माळ बुद्धीने ओवलेली.

वैनगंगेकाठच्या कारध्यात भजनाला बसलेल्यांचे हात पाहिले तर वैशेषिकांचे म्हणणे अधिक पटते. गाणारा आलापात रमला, शब्द थांबले, तरी टाळ चालूच राहतो. स्वर नसला म्हणून मात्रा नाहीशी होत नाही. त्रितालातली नववी मात्रा टाळीविना, हात उघडून दाखवतात. भातखंडे तिथे शून्य लिहितात, आणि ते शून्य पूर्ण एका मात्रेइतके लांब असते.