स्वभावाला औषध नसते काय?

'स्वभावाला औषध नाही' ही म्हण आपल्या घरांत सर्रास ऐकू येते. कधी ती दुसऱ्यावरचा निकाल म्हणून उच्चारली जाते, तर कधी स्वतःच्या दोषावरचे पांघरूण म्हणून. ती कितपत खरी आहे, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांना विचारता येतो, तसाच तो वर्तमानपत्राच्या पानावरील एखाद्या चिमुकल्या चित्रमालिकेलाही विचारता येतो.

नोव्हेंबर १९९१ मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीने पुण्याच्या 'सकाळ'मध्ये 'चिंटू' ही चित्रमालिका सुरू केली. तो खोडकर मुलगा, त्याचे आईवडील, पप्पू, मिनी, राजू, छोटा सोनू, जोशीकाकू ही मंडळी पाहता पाहता मराठी कुटुंबांच्या ओळखीची झाली. आरंभी चिंटू आठ वर्षांचा होता असे धरले, तर आज तो चाळिशी ओलांडून गेला असता. परंतु तो शाळकरीच राहिला. २०१२ साली श्रीरंग गोडबोले यांनी त्याच्यावर चित्रपट काढला. त्यात चिंटू झालेला बालकलाकार पुढे मोठा झाला, कागदावरचा चिंटू मात्र होता तेवढाच राहिला.

यात नवल नाही. दोनचार चौकटींत पात्राचा परिचय करून द्यायला जागा नसते. वाचकाने त्याला पाहताक्षणी ओळखले पाहिजे आणि तो आता काय करील, याचा थोडा अंदाजही बांधला पाहिजे. त्या अंदाजावरच विनोद उभा राहतो. म्हणून प्रत्येक पात्राच्या वाट्याला एखादा ठळक गुण किंवा अवगुण येतो आणि तो वर्षानुवर्षे त्याला चिकटून राहतो. आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांच्या कोटातला 'कॉमन मॅन'देखील असाच. सरकारे आली नि गेली, पण तो तसाच मूकपणे पाहत राहिला.

प्रत्येक चित्रकाराने मात्र हा मार्ग पत्करलेला नाही. अमेरिकेत फ्रँक किंग यांनी १९१८ साली 'गॅसोलिन अ‍ॅली' ही मालिका सुरू केली. १४ फेब्रुवारी १९२१ रोजीच्या चित्रात वॉल्ट नावाच्या अविवाहित गृहस्थाच्या दारात कोणीतरी एक तान्हे बाळ ठेवून जाते. ते बाळ, स्कीझिक्स, वाचकांच्या मुलांबरोबर दिवसादिवसाने वाढले, शाळेत गेले, दुसऱ्या महायुद्धात सैनिक झाले, संसाराला लागले. कॅलेंडर पुढे सरकत होते आणि त्याच्याबरोबर मालिकाही.

तिसरा मार्ग चार्ल्स शुल्झ यांचा. त्यांची 'पीनट्स' २ ऑक्टोबर १९५० रोजी सुरू झाली आणि १३ फेब्रुवारी २००० रोजी, त्यांच्या निधनाच्या दुसऱ्या दिवशी, संपली. जवळजवळ अठरा हजार चित्रे त्यांनी स्वहस्ते काढली. त्यातला लायनस १९५२ साली बोलताही न येणारे बाळ म्हणून आला. काही वर्षे तो वाढला आणि मग त्याचे वय थांबले, परंतु मन थांबले नाही. हातातले पांघरूण न सोडणारा हा मुलगा मालिकेतला सर्वांत विचारी मुलगा ठरला. स्नूपी आरंभी चार पायांवर धावणारा साधा कुत्रा होता. पुढे तो दोन पायांवर उभा राहिला आणि स्वप्ने रंगवू लागला.

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात येतो. वय वाढणे आणि माणूस वाढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली काळ घडवून आणतो, दुसरीसाठी आपल्याला काहीतरी करावे लागते. साठी उलटूनही काही माणसांचा रुसवा दहा वर्षांच्या मुलासारखा असतो. अ‍ॅरिस्टॉटलने सांगितले आणि पुढे संत थॉमस अक्वायनस यांनीही मान्य केले, की सद्गुण जन्मतः सिद्ध नसतात. पुनःपुन्हा केलेल्या कृतींनी ते अंगी मुरतात. दुर्गुणांचेही तसेच. म्हणजे स्वभाव हासुद्धा रोजच्या छोट्या चौकटींतूनच रेखाटला जातो. एकच चौकट निर्णायक नसते, परंतु एकही चौकट वाया जात नाही.

मग ती म्हण इतकी टिकली कशी? कारण दुसऱ्याला ठरावीक पात्र करून टाकणे सोयीचे असते. 'हा आळशी', 'ती भांडखोर', 'तो पिणारा' असे एकदा ठरवले, की त्याच्याकडे नव्याने पाहण्याचे कष्ट वाचतात. दारू सोडून पाच वर्षे झालेल्या माणसाला लग्नसमारंभात जुन्या नावानेच हाक मारली जाते. सगळे हसतात, तोही हसतो. त्या हसण्याची किंमत मात्र त्याला एकट्याला मोजावी लागते. चित्रातले पात्र चित्रकाराच्या लेखणीला विरोध करू शकत नाही. जिवंत माणसाच्या हातातली लेखणी हिसकावून घेण्याचा अधिकार मात्र कोणालाही नाही.

आपले चऱ्होली १९९७ साली महापालिकेत आले. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. भोसरी-चाकणच्या कारखान्यांसाठी अहिल्यानगरहून, मराठवाड्याहून कुटुंबे आली. त्यांतल्या कित्येकांना येथे पगाराखेरीज आणखी एक गोष्ट मिळाली असेल: गावाने चिकटवलेले नाव जेथे कोणाला ठाऊक नाही, अशी जागा. परंतु नवी सुरुवात करण्यासाठी माणसाला शंभर कोस दूर यावे लागणे, हे गावाला भूषणावह नाही. ती मुभा आपल्याच घरात, आपल्याच माणसांकडून मिळायला हवी.

याचा अर्थ डोळे मिटून विश्वास ठेवावा असा नव्हे. ज्या पत्नीने वर्षानुवर्षे मार सोसला, तिने एका दिवसाच्या शपथेवर सारे विसरावे, असे सांगणे हा तिच्यावरच अन्याय होईल. विश्वासही चौकटीचौकटीने परत मिळवावा लागतो आणि तो मिळवण्याची जबाबदारी बदलू पाहणाऱ्याचीच असते. 'माझा स्वभावच असा' म्हणून त्याला त्यातून सुटता येणार नाही. आपल्याकडून अपेक्षा एवढीच, की त्याने आज नवी रेघ ओढली, तर ती आपण पाहावी.

चिंटूने मोठे होऊ नये, असे आपल्याला वाटते आणि त्यात गैर काही नाही, कारण तो कागदावरचा आहे. शेजारच्या खोलीतल्या माणसाबद्दल मात्र आपली इच्छा नेमकी याच्या उलट असली पाहिजे. स्वभावाला औषध आहे. ते रोज थोडे थोडे घ्यावे लागते, आणि घेणाऱ्याला ते लागू पडेल असा विश्वास भोवतालच्यांनी बाळगावा लागतो.