लागलं तर?

अमेरिकेत पिकअप ट्रक घेणारा माणूस रोजच्या वापराचा विचार करून ट्रक घेत नाही. वर्षातला सगळ्यात अवघड दिवस डोळ्यांसमोर ठेवून घेतो. कधीतरी बोट ओढायची आहे, कधीतरी भावाचं घर हलवायचं आहे, कधीतरी डोंगरात बर्फ लागेल. त्या एका दिवसासाठी घेतलेली गाडी मग उरलेले तीनशे साठ दिवस ऑफिस, शाळा आणि किराणा करत फिरते.

मी टेक्ससमध्ये ऑस्टिनच्या बाहेर राहतो. गेल्या वर्षी मी माझा मोठा ट्रक, फोर्ड एफ-१५०, विकला आणि टोयोटा टॅकोमा हा मध्यम आकाराचा ट्रक घेतला. लोक मायलेज विचारतात, हप्ता किती कमी झाला ते विचारतात. ते प्रश्न बरोबरच आहेत, पण मला छळत होता तो प्रश्न वेगळा होता. माझ्या ‘लागलं तर’साठी मी दुसऱ्याची किती जागा आणि किती सुरक्षितता वापरायची?

महाराष्ट्रात पिकअप म्हटलं की भाजीच्या क्रेट्स भरलेली बोलेरो किंवा गल्लीबोळात घुसणारा छोटा हत्ती आठवतो. तिथे ती मालाची गाडी आहे. इथे ती घरची गाडी आहे. फोर्डची एफ-सीरिज १९७७ पासून अमेरिकेत सर्वाधिक खपणारा ट्रक आहे. चार दरवाजांची एफ-१५० साधारण सव्वाएकोणीस फूट लांब असते. इथल्या पार्किंगमधली एक जागा बहुतेक ठिकाणी अठरा फुटांची. म्हणजे सवा फूट ट्रक कायम दुसऱ्याच्या वाटेत. टॅकोमा पावणेअठरा फुटांच्या आसपास. फरक दीड फुटाचा. एवढ्याशा दीड फुटात नीतीचा प्रश्न कसला, असं वाटू शकतं.

आपल्याकडे घरोघरी माळ्यावर मोठी पातेली असतात. मुंज, बारसं, सत्यनारायण, काहीही निघालं तर पन्नास माणसांचा भात होईल एवढी. वर्षानुवर्षं ती खाली उतरत नाहीत. आई म्हणते, ‘असू दे, लागतं कधीतरी.’ या ‘असू दे’ला मी कधीच हसलो नाही. ज्या माणसांनी टंचाई पाहिली, त्यांना जास्तीची वस्तू म्हणजे धीर असतो. पण माळ्यावरचं पातेलं कोणाच्या अंगावर येत नाही. ते गप्प बसून असतं. ट्रक मात्र रोज रस्त्यावर उतरतो. माझा जास्तीचा धीर रोज कोणाच्या तरी शेजारून, कोणाच्या तरी समोरून जातो.

मोठा ट्रक मी उगीच घेतला नव्हता. घराला एक एकर जागा होती आणि तिला कुंपण नव्हतं. चार वर्षं मी खांब आणले, खडी आणली, भाड्याचा छोटा ट्रॅक्टर ट्रेलरवर टाकून आणला. शिवाय महाराष्ट्र मंडळात ज्याच्याकडे ट्रक, त्याचा फोन सतत वाजतो. गणपतीच्या मखराच्या प्लायवुडच्या शीट ४ बाय ८ फुटांच्या असतात. मोठ्या ट्रकच्या हौद्यात त्या दोन चाकांच्या उंचवट्यांमध्ये सपाट बसतात. मध्यम ट्रकमध्ये ते उंचवटे आड येतात, शीट त्यांच्यावर ठेवून बांधावी लागते. कोणी नवीन घरात जाणार असलं की सोफा माझ्या ट्रकमधून जायचा. म्हणजे मोठेपणा नुसता दिखाव्याचा नव्हता, त्यात उपयोगी पडण्याचं सुखही होतं.

मग कुंपण पूर्ण झालं. शेवटच्या वर्षी ट्रेलर दोनदा जोडला. गरज संपली होती, ट्रक राहिला होता. अशा वेळी माणूस गरजेची नवी यादी शोधायला लागतो. कॅम्पर घेऊ का? बोट घेऊ का? वस्तूला शोभेल असं आयुष्य आखायला लागणं, हे मला विचार करण्यासारखं वाटलं.

आता दीड फुटाकडे आणि त्याबरोबर येणाऱ्या उंचीकडे, वजनाकडे वळतो. अमेरिकेत २००९ साली वाहनांच्या धडकेत सुमारे चार हजार पादचारी गेले. २०२२ साली हा आकडा साडेसात हजारांच्या आसपास होता. याची कारणं अनेक आहेत: रुंद रस्ते, अंधार, वेग, हातातले फोन. पण गाड्यांचा आकार हेही त्यातलं एक कारण आहे. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस नावाची संस्था गाड्यांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करते. तिने २०२३ मध्ये दाखवलं की बॉनेट जमिनीपासून ४० इंचांपेक्षा उंच असेल, तर पादचाऱ्याला धडक बसल्यावर तो मरण्याची शक्यता बुटक्या आणि उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी वाढते. कारण समजायला सोपं आहे. बुटकी गाडी पायांना लागते आणि माणूस बॉनेटवर फेकला जातो. उंच गाडी छातीला किंवा डोक्याला लागते आणि माणूस खाली पडतो. लहान मूल असेल तर चालकाला ते आधी दिसतच नाही.

मिशेल व्हाइट या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २००४ मध्ये रस्त्यावरच्या या चढाओढीला शस्त्रस्पर्धा म्हटलं. त्यांचा हिशोब असा होता की मोठ्या गाडीत बसलेल्यांचा एक जीवघेणा अपघात टळतो, तेव्हा बाहेरच्या लोकांचे असे किमान ४.३ अपघात वाढतात.

इथपर्यंत युक्तिवाद सोपा होता. अवघड झाला तो घरात. माझ्या बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘रस्त्यावर सगळेच रणगाडे घेऊन फिरत असताना आपल्या मुलीला लहान गाडीत बसवायचं, म्हणजे तुझं तत्त्व तिच्या जिवावर पाळायचं. स्वतः एकटा असतास तर गोष्ट वेगळी.’

यावर पटकन देता येईल असं उत्तर नाही. जत्रेत तमाशा बघताना पुढचे लोक उभे राहतात, मग मागचे राहतात, शेवटी सगळे उभे. पाय सगळ्यांचे दुखतात आणि आधीपेक्षा जास्त कोणालाच दिसत नाही. सगळे बसले तर सगळ्यांचं भलं आहे. पण पहिला जो बसतो त्याला समोर फक्त पाठी दिसतात. ‘तू बस’ म्हणून उपदेश करणं सोपं असतं. मांडीवर पोर घेऊन पहिलं बसणं सोपं नसतं.

मी दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या. सीटबेल्ट, एअरबॅग, चांगले ब्रेक यांनी माझ्या मुलीवरचा धोका कमी होतो आणि तो दुसऱ्या कोणावर जात नाही. वजन आणि उंची यांचं तसं नसतं. धडकेतला आघात कुठेतरी जायलाच हवा. माझी गाडी जड, म्हणून तो समोरच्या गाडीत जास्त जातो. मुलीचं रक्षण करणं हे बापाचं काम आहे, यात वाद नाही. पण तिच्यावरचा धोका उचलून दुसऱ्या कोणाच्या मुलीवर ठेवायचा, तोही रोज, ठरवून आणि तिला न विचारता? रक्षणाला कुठेतरी कुंपण असावं लागतं. मी तिला हेल्मेट देऊ शकतो, शाळेत तिच्या दप्तरात काठी देणार नाही.

बायको म्हणाली, ‘हे ऐकायला छान आहे.’ तिचं म्हणणं रास्त होतं. म्हणून दुसरी गोष्ट बघावी लागली: प्रत्यक्षात आपण किती सोडतोय? आयआयएचएसच्याच २०२५ च्या अभ्यासात असं दिसलं की हलक्या गाडीत वजन वाढलं तर आतल्यांना फायदा होतो. पण रस्त्यावरच्या सरासरी गाडीपेक्षा आधीच जड असलेल्या गाडीत आणखी वजन घातलं, तर आतल्यांच्या सुरक्षिततेत जवळजवळ काहीच भर पडत नाही. बाहेरच्यांचा धोका मात्र असतोच. मध्यम ट्रकही जवळपास दोन टनांचा असतो, म्हणजे जडच. सोडायचं होतं ते आम्हाला वाटत होतं त्यापेक्षा बरंच कमी निघालं.

प्रश्न सुटला, पण आकड्याने सुटला, तत्त्वाने नाही. आकडा उलटा निघाला असता तर मी काय केलं असतं? बहुधा मोठाच ट्रक ठेवला असता आणि मनातून अस्वस्थ राहिलो असतो. नीतीचे अनेक निर्णय असेच होतात. आपण त्याग करायला तयार आहोत का, हे ठरायच्या आधीच कळतं की त्याग फारसा नव्हताच. त्याचं श्रेय घेऊ नये, एवढंच.

श्रेय न घेण्याचं आणखी एक कारण आहे. ज्याला आज मध्यम म्हणतात, तो खरंच मध्यम आहे का? १९९० च्या सुमाराची, दोन दरवाजांची, आखूड हौद्याची एफ-१५० आजच्या चार दरवाजांच्या टॅकोमापेक्षा लांबीने कमी भरते. कालचा मोठा तो आज मध्यमात बसतो. शिवाय माझ्या नव्या ट्रकचं नाक साध्या सेडानपेक्षा उंचच आहे. शाळेसमोर रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला माझ्या मनातला विवेक दिसत नाही, त्याला बंपर दिसतो. मी ठीक असलेल्या जागी पोचलो नाही, थोडा कमी बिघडलेल्या जागी पोचलो.

मग एका माणसाने लहान ट्रक घेऊन होतं काय? हा प्रश्न तरुण मित्र हमखास विचारतात आणि त्यात दम आहे. कारण ट्रक नुसते लोकांच्या हौसेने मोठे झाले नाहीत. युरोपने अमेरिकन कोंबडीवर कर लावला, म्हणून अमेरिकेने १९६४ पासून बाहेरच्या हलक्या ट्रकवर २५ टक्के आयातकर लावला. कोंबडीचं भांडण केव्हाच मिटलं, कर राहिला आणि परदेशी छोटे ट्रक दाराबाहेर राहिले. तेलसंकटानंतर १९७५ च्या कायद्याने गाड्यांच्या मायलेजवर बंधनं आणली, त्यात ट्रकना कारपेक्षा सवलत मिळाली. पुढे उद्दिष्ट गाडीच्या चार चाकांमधल्या क्षेत्रफळाला जोडलं गेलं. क्षेत्रफळ मोठं तर उद्दिष्ट सैल. भरल्या वजनाची मर्यादा ६,००० पौंडांपेक्षा जास्त असलेली गाडी धंद्यासाठी घेतली तर करात मोठी वजावट मिळते. फोर्डचा छोटा रेंजर २०११ मध्ये इथल्या बाजारातून गेला आणि २०१९ मध्ये त्याच नावाने, अंगाने वाढून परत आला. इतकं सगळं एका बाजूला ढकलत असताना माझ्या एका ट्रकने बाजार हलत नाही.

पण बाजार हलवणं हे माझं एकमेव काम नाही. कायदा बदलायचा तर मत द्यावं, लिहावं, नगरपालिकेच्या बैठकीला जाऊन बसावं. ते वेगळं काम आहे. माझ्या गल्लीत कोण चालतं, कोणाला माझ्या ट्रकमागून सायकल काढावी लागते, हे मात्र बाजाराला विचारून ठरत नाही. तिथला मोठा भाग माझ्या हातात आहे. कायदा बदलेपर्यंत मी वाट बघेन, असं त्या सायकलवाल्या मुलाला सांगता येत नाही.

यातून मोठ्या ट्रकवाल्यांना नावं ठेवायचा परवाना मिळत नाही. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ गाई पाळतात. त्यांचा ट्रक माझ्या जुन्या ट्रकपेक्षाही मोठा आहे. गवताचे गोल गठ्ठे ते ओढतात, एकेक गठ्ठा अर्ध्या टनाच्या आसपास. त्यांच्याकडे अवघड दिवस वर्षातून एकदा येत नाही, दर आठवड्याला येतो. त्यांच्या ट्रकचा आकार त्यांच्या कामाने ठरवला आहे. मोठं असणं वाईट नाही. कामाविना मोठं असणं आणि त्याचं भाडं दुसऱ्यांनी भरणं, तिथे मला अडचण वाटते.

उरला तो ‘लागलं तर’. खडी लागली तर हार्डवेअरच्या दुकानात तासांवर ट्रक मिळतो. वर्षातून दोनदा ते भाडं भरणं ट्रकच्या एका हप्त्यापेक्षाही स्वस्त पडतं. पण भाड्याने न मिळणाऱ्या गोष्टीसाठी माणसाकडे जावं लागतं, आणि मला वाटतं खरी अडचण तिथेच आहे. मोठ्या ट्रकच्या आकर्षणात कोणाकडे मागायला लागू नये, ही इच्छा फार मोठी आहे. परक्या देशात तर जास्तच. आपण देणारे असावं, घेणारे नसावं. गावाकडे मोठी भांडी देवळात ठेवलेली असायची आणि ज्याच्या घरी कार्य तो घेऊन जायचा. त्यात मागण्याचा कमीपणा नव्हता, कारण पाळी सगळ्यांवर यायची. माळ्यावर स्वतःची पातेली आली, तेव्हा सोय झाली आणि देवळातली ती ये-जा थांबली.

यंदा मखराच्या प्लायवुडसाठी मी त्या म्हाताऱ्या गृहस्थांना फोन केला. असा फोन मी पहिल्यांदाच करत होतो. ते लगेच हो म्हणाले, आणि पुढच्या वाक्यात विचारलं की शनिवारी मला वेळ आहे का, कुंपणाची तार ताणायला एक माणूस कमी पडतोय. तार ताणणं मला येतं. चार वर्षं तेच केलं होतं.